‘तेल’ आणि ‘गाव’ : सी भाषेत दोन शब्द जोडताना

सी भाषेच्या पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमध्ये एक प्रश्न हमखास असतो : ‘स्ट्रकॅट’ हे तयार फंक्शन न वापरता दोन स्ट्रिंग जोडून दाखवा. जर्नलमध्ये त्याचे उत्तर आठ-दहा ओळींत मावते. ते मुले पाठ करतात, तोंडी परीक्षेत म्हणून दाखवतात आणि पुढच्या प्रयोगाकडे वळतात. माझ्या मते अख्ख्या अभ्यासक्रमातला सर्वांत मोलाचा प्रश्न हाच आहे, आणि तो प्रोग्राम बिघडलेल्या अवस्थेत नीट पाहिला तरच त्याचे मोल कळते.

उदाहरणाला ‘हॅलो’ आणि ‘वर्ल्ड’ घेण्याचा रिवाज आहे. मी ‘तेल’ आणि ‘गाव’ घेतो. तेलगाव हे बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातले, माजलगावहून धारूरला जाताना लागणारे गाव. तिथल्या सुंदरनगरात लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना आहे आणि गाळप हंगामात त्या रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग असते. या भागातला जो मुलगा किंवा मुलगी सी शिकते, ती पुढे कधी तरी गावांच्या नावांचा, शेतकऱ्यांच्या यादीचा, वजनाच्या पावतीचा प्रोग्राम लिहिणारच. तिची स्ट्रिंग मराठी असणार. आणि इंग्रजी शब्दांवर वर्षानुवर्षे सुरळीत चाललेला प्रोग्राम मराठी नाव आले की कसा उघडा पडतो, हे पाहिल्यावर सी मधली स्ट्रिंग म्हणजे नेमके काय, ते कायमचे डोक्यात बसते.

सी मध्ये स्ट्रिंग नावाची स्वतंत्र वस्तूच नाही. मेमरीत एकापाठोपाठ एक बाइट मांडलेले असतात आणि शेवटच्या बाइटनंतर एक शून्य असते. त्याला ‘नल’ म्हणतात. स्ट्रिंग किती लांब आहे हे कुठेही लिहिलेले नसते. लांबी हवी असेल तर पहिल्या बाइटपासून शून्य भेटेपर्यंत मोजत जायचे. ती कुठे संपते ते शून्य सांगते, पण तिला मेमरीत किती जागा दिली होती हे कुणीच सांगत नाही. ते प्रोग्राम लिहिणाऱ्याने लक्षात ठेवायचे असते.

ही रचना विचार करून निवडलेली होती. सी चे पूर्वज असलेल्या बीसीपीएल भाषेत स्ट्रिंगच्या सुरुवातीलाच तिची लांबी लिहून ठेवत. बेल लॅबमध्ये केन थॉम्पसन यांनी ‘बी’ भाषा केली तेव्हा ती पद्धत सोडून शेवटी खूण ठेवायला सुरुवात झाली. डेनिस रिची यांनी १९९३ मध्ये सी चा इतिहास लिहिताना याची दोन कारणे दिली आहेत : लांबी एका छोट्या कप्प्यात ठेवली की स्ट्रिंगच्या आकारावर मर्यादा येते, आणि दर वेळी आकडा सांभाळण्यापेक्षा शेवटी खूण ठेवणे त्यांना सोयीचे वाटले. त्या काळच्या चिमुकल्या मेमरीत तो निर्णय समजण्यासारखा होता. त्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली, आणि अजून मोजत आहेत.

आता जोडणी. पहिल्या लूपमध्ये ‘तेल’ या स्ट्रिंगमध्ये शून्य भेटेपर्यंत पुढे जायचे. दुसऱ्या लूपमध्ये ‘गाव’चे बाइट एकेक करून तिथून पुढे ठेवायचे. शेवटी शून्य ठेवायचे. तीनच कामे, आणि तिन्ही ठिकाणी चूक होते.

सर्वांत जास्त दिसणारी चूक तिसऱ्या कामात. शेवटचे शून्य ठेवायचे राहते आणि पडद्यावर ‘तेलगाव’ उमटून त्यापुढे चित्रविचित्र चिन्हे येतात. प्रयोगशाळेत याला सगळे ‘गार्बेज’ म्हणतात. त्रास असा की ही चूक दर वेळी दिसत नाही. नव्याने मिळालेल्या मेमरीत त्या जागी आधीपासूनच शून्य असेल, तर उत्तर अगदी बरोबर येते. सकाळी चाललेला प्रोग्राम परीक्षक समोर उभे असताना गार्बेज दाखवतो, याचे कारण नशीब नसते. त्या जागेवर आधी काय पडले होते, ते असते. म्हणून माझा आग्रह असा की जोडणी तपासताना आधी लक्ष्य अ‍ॅरे ‘#’ या चिन्हाने पूर्ण भरून घ्यावा. मग शून्य राहिले असेल तर शब्दामागे ‘#’ची माळ दर वेळी दिसेल. लपणारी चूक अशी पहिल्यांदा हमखास दिसायला भाग पाडली की निम्मे डीबगिंग झाले.

दुसरी चूक नेमकी उलट दिसते. पडद्यावर फक्त ‘तेल’ येते आणि ‘गाव’ गायब. विद्यार्थी दुसरा लूप तपासत बसतो, कारण त्याला वाटते की तो चाललाच नाही. प्रत्यक्षात तो नीट चाललेला असतो. पहिला लूप संपताना निर्देशांक एकाने जास्त पुढे गेला आणि ‘गाव’ची नक्कल शून्याच्या जागी न होता शून्याच्या पुढच्या घरापासून सुरू झाली. मेमरीत ‘तेल’, मग जुने शून्य, मग ‘गाव’ अशी तिन्ही आहेत. छापणारे फंक्शन पहिल्या शून्यापाशी थांबते, त्याची काही चूक नाही. येथे पडद्याकडे बघून कारण कधीच सापडणार नाही. अ‍ॅरेतला प्रत्येक बाइट आकड्याच्या रूपात छापायचा, शून्याला न थांबता, दिलेल्या जागेच्या टोकापर्यंत. मधोमध बसलेले शून्य लगेच दिसते.

असे आकडे छापले की आणखी एक गोष्ट कळते. ‘तेल’ लिहायला किती घरे लागली? डोळ्याला दोन अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबात ती तीन चिन्हे आहेत : त, एकाराची मात्रा आणि ल. आणि यूटीएफ-८ या आजच्या सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे ‘तेल’चे ९ बाइट, ‘गाव’चे ९, जोडून १८, आणि शेवटच्या शून्यासह १९. यूटीएफ-८ ही पद्धत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये आखली. ती आखताना जुन्या सी प्रोग्रामची काळजी घेतली होती : कोणत्याही अक्षराच्या मध्ये शून्य बाइट येत नाही, त्यामुळे शून्यापर्यंत चालणारे लूप तसेच चालत राहतात. लूप चालले, पण जागेचा हिशेब तिप्पट झाला.

त्याआधी असे नव्हते. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय मानक ठरले. पुण्याच्या सी-डॅकने, जी संस्था १९८८ मध्ये स्थापन झाली, भारतीय भाषांच्या संगणकीकरणात ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली. इस्कीत एका चिन्हाला साधारण एकच बाइट. तेव्हा तेलगावला ६ बाइट आणि एक शून्य, असे ७ पुरत. त्या हिशेबाने गावाच्या नावासाठी १६ घरे ठेवणारा प्रोग्रामर सढळ हाताचा म्हणायचा.

त्या १६ घरांचे आज काय होईल, ते मुद्दाम हिशेब करून पाहू. वजनाच्या पावतीची एक नोंद समजा. (हा नमुना अभ्यासासाठी बनवलेला आहे, कुठल्याही कारखान्याच्या यंत्रणेतला नाही.) नोंदीत आधी गावाचे नाव, १६ बाइट, त्याला लागूनच वजन, किलोमध्ये, चार बाइटचा पूर्णांक. वजन १८,२५० भरले. मग हाताने लिहिलेल्या लूपने ‘तेल’ला ‘गाव’ जोडले. १६ घरे संपली तेव्हा ‘व’ या अक्षराच्या तीन बाइटांपैकी पहिला बसला होता. लूपला घरे संपल्याचे कळत नाही. ‘व’चे उरलेले दोन बाइट, १६४ आणि १८१, आणि शेवटचे शून्य वजनाच्या घरात जाऊन बसतात. आपल्या नेहमीच्या संगणकांत पूर्णांकाचा सर्वांत लहान बाइट आधी ठेवलेला असतो. तेव्हा नवे वजन १६४ अधिक १८१ गुणिले २५६, म्हणजे बरोबर ४६,५०० किलो.

हा आकडा मला भयंकर वाटतो, कारण तो भयंकर दिसत नाही. उणे वजन आले असते, अब्जावधी किलो आले असते, तर कुणीही हरकत घेतली असती. ४६,५०० हा मोठ्या वाहनाचा आकडा वाटू शकतो. गावाचे नाव पावतीवर स्वच्छ ‘तेलगाव’ छापले जाते, कारण छपाई करणारे फंक्शनही वजनाच्या घरात शिरून शून्य शोधते आणि ते तिथे असते. प्रोग्राम कोसळत नाही. तेलगावच्या प्रत्येक नोंदीत वजन ४६,५००, आणि बीडच्या नोंदीत काहीच बिघाड नाही, कारण ‘बीड’ ९ बाइटांत मावते. चूक नावात आहे आणि लक्षण वजनात आहे. जो वजनाचे कोड तपासत बसेल त्याला आठवडाभर काही सापडणार नाही.

क्रम बदलला, म्हणजे नाव आधी जोडले आणि वजन नंतर भरले, की वजन १८,२५० बरोबर राहते आणि नाव बिघडते. १८,२५०चे पहिले दोन बाइट आहेत ७४ आणि ७१, म्हणजे इंग्रजी मोठ्या लिपीतले जे आणि जी. पावतीवर ‘तेलगा’, मग एक तुटके चिन्ह, मग ती दोन इंग्रजी अक्षरे. तोच प्रोग्राम, तीच चूक, दोन ओळींची अदलाबदल आणि लक्षण पूर्ण वेगळे. सी चे मानक अशा कृतीला ‘अनिश्चित वर्तन’ म्हणते : पुढे काय होईल याची भाषा कोणतीही हमी देत नाही. मी वर दिलेला हिशेब सहसा असाच घडतो, पण कंपायलरची सेटिंग बदलली तर वेगळेही घडू शकते.

महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्या सी शिकल्या त्या टर्बो सी वर, आणि नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ हातात घेऊन. पुस्तकाने पॉइंटरची भीती घालवली, हे ऋण मोठे आहे. टर्बो सी मात्र डॉसच्या जगातला कंपायलर. त्या जगात मेमरीवर पहारा नव्हता. कुणाच्याही घरात लिहिले तरी प्रोग्राम बहुधा चालूच राहायचा. शेवटी फार तर ‘नल पॉइंटर असाइनमेंट’ अशी एक ओळ यायची आणि ती वाचण्याआधीच पडदा पुसला जायचा. तिथे बरोबर चाललेला जोडणीचा प्रोग्राम लिनक्सवर जीसीसीने कंपाइल केला की ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ येतो आणि मुले नव्या कंपायलरला दोष देतात. याचे नेहमीचे कारण असे : पहिली स्ट्रिंग अ‍ॅरे म्हणून न घेता थेट अवतरणचिन्हांतला शब्द दाखवणारा पॉइंटर म्हणून घेतलेली असते. त्या शब्दाला स्वतःपुरतीच जागा असते, आणि आजच्या यंत्रणेत ती जागा फक्त वाचण्यासाठी राखलेली असते. टर्बो सी ने तिथे लिहू दिले, लिनक्स देत नाही. लिनक्स येथे आपले भले करतो. ‘स्टॅक स्मॅशिंग डिटेक्टेड’ हा संदेशही तसाच : फंक्शनमधल्या अ‍ॅरेची हद्द ओलांडली गेल्याचे परतताना लक्षात आले, म्हणून प्रोग्राम थांबवला.

आणखी एक चूक फक्त आपल्या लिपीत उघड होते. काही जण ‘शून्य भेटेपर्यंत’ असे लिहिण्याऐवजी ‘बाइट शून्यापेक्षा मोठा आहे तोपर्यंत’ असे लिहितात. इंग्रजी अक्षरांचे आकडे १२७च्या आत असल्याने फरक पडत नाही. देवनागरीचा पहिला बाइट २२४. इंटेलच्या संगणकावर जीसीसी साधा ‘कॅर’ प्रकार चिन्हासह धरते, म्हणून हा २२४ तिथे उणे ३२ होतो. उणे ३२ शून्यापेक्षा लहान; लूप पहिल्याच पावलावर थांबतो आणि काहीच जोडले जात नाही. तोच प्रोग्राम रास्पबेरी पायवर नेला तर बहुधा चालतो, कारण तिथे ‘कॅर’ बिनचिन्हाचा धरलेला असतो. ‘माझ्या मशीनवर चालते’ या वाक्यावर किती विश्वास ठेवावा, ते यावरून ठरवावे.

मग तयार फंक्शन वापरावे का? ‘स्ट्रकॅट’ही जागा तपासत नाही, ते आपल्या हाताच्या लूपसारखेच पुढे चालत जाते. ‘स्ट्रएनकॅट’ला एक आकडा द्यावा लागतो आणि बहुतेक लोक तिथे लक्ष्य अ‍ॅरेचा पूर्ण आकार देतात. त्या आकड्याचा अर्थ वेगळा आहे : स्रोतातून जास्तीत जास्त किती बाइट घ्यायचे. शेवटचे शून्य त्यावर आणखी एक. म्हणजे बरोबर आकडा एकूण जागा वजा आधीची लांबी वजा एक. हा घोळ टाळण्यासाठी ओपनबीएसडीच्या टॉड मिलर आणि थिओ डी राट यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस ‘स्ट्रएलकॅट’ आणले. त्याला पूर्ण आकारच द्यायचा असतो. लिनक्सच्या मुख्य लायब्ररीत ते यायला २०२३ उजाडले. आकार देताना ‘साइझऑफ’ वापरले आणि अ‍ॅरे फंक्शनला पॅरामीटर म्हणून आलेला असेल, तर मिळतो तो पॉइंटरचा आकार, ६४-बिट संगणकावर ८. येथे अनुभवी माणसेही फसतात.

मला स्वतःला ‘एसएनप्रिंटएफ’ आवडते, कारण ते दिलेल्या जागेबाहेर लिहीत नाही आणि शेवटचे शून्य स्वतः ठेवते. पण त्याचे परत येणारे उत्तर वाचायलाच हवे. ‘तेलगाव, धारूर, बीड’ हा पत्ता जोडायचा आहे. त्याला स्वल्पविराम आणि मोकळ्या जागांसह ४६ बाइट लागतात. लक्ष्य ३२ बाइटचे दिले तर ३१ बाइट लिहिले जातात. ‘तेलगाव’ आणि स्वल्पविरामानंतर धारूरच्या वाट्याला ११ येतात : ध, काना, र असे ९, आणि दीर्घ उकाराचे तीनांपैकी दोन. पडद्यावर ‘तेलगाव, धार’ आणि पुढे चौकटीत प्रश्नचिन्ह. ते तुटके चिन्ह कुणी पुढच्या पायरीत साफ करून टाकले, की उरतो ‘तेलगाव, धार’. धार हा मध्य प्रदेशातला जिल्हा आहे. पत्ता दिसायला निर्दोष आणि राज्य बदललेले. फंक्शनने मात्र ४६ हा आकडा परत दिलेला असतो, म्हणजे ‘शेवटचे शून्य सोडून मला एवढी जागा हवी होती’ असे सांगितलेले असते. परत आलेला आकडा ३२ किंवा त्याहून मोठा आहे का, एवढी एक तुलना लिहिली असती तर हे घडले नसते. आणि मराठी मजकूर कापावाच लागला, तर बाइट मोजून कापू नये. मागे सरकत अक्षराची सुरुवात गाठून तिथे कापावे. यूटीएफ-८ मध्ये अक्षराच्या आतला बाइट नेहमी १२८ ते १९१च्या दरम्यान असतो, त्यामुळे सुरुवात ओळखणे सोपे आहे. मात्रा मूळ अक्षरापासून तुटू नये याची काळजी त्याहून वेगळी घ्यावी लागते.

हद्दीबाहेर लिहिण्याचे परिणाम पावतीपुरते राहत नाहीत. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला प्रोग्राम तेव्हाच्या इंटरनेटवर पसरला. त्याने वापरलेल्या वाटांपैकी एक होती ‘फिंगर’ सेवेतला ५१२ बाइटचा अ‍ॅरे, ज्यात ‘गेट्स’ हे फंक्शन जागा न तपासता ओळ वाचून भरत असे. २०११च्या सी मानकातून ‘गेट्स’ काढून टाकले गेले. आपल्याकडच्या काही जर्नलमध्ये ते अजून भेटते. ते खोडून ‘एफगेट्स’ लिहावे, आणि ‘एफगेट्स’ ओळीच्या शेवटचे एंटरही आत घेते हे लक्षात ठेवावे. नाहीतर ‘तेल’ एका ओळीत आणि ‘गाव’ दुसऱ्या ओळीत छापले जाते.

हत्यारांबद्दल थोडे. २०१२ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी मांडलेले ‘अ‍ॅड्रेस सॅनिटायझर’ आता जीसीसीत आणि क्लँगमध्ये तयार मिळते. कंपाइल करताना एक पर्याय दिला की प्रोग्राम हद्द ओलांडतो त्या क्षणी थांबतो आणि कोणत्या ओळीत, किती बाइटांनी, ते सांगतो. मात्र वरच्या पावतीच्या नमुन्यात तेही गप्प बसेल. नाव आणि वजन एकाच नोंदीच्या आत आहेत, आणि नोंदीच्या आतल्या भिंती ते पाहत नाही. शून्य ठेवायचे राहिले आणि न भरलेली मेमरी वाचली गेली, तर ती चूक ‘व्हॅलग्राइंड’ पकडते. फंक्शनमधल्या साध्या अ‍ॅरेची हद्द ओलांडलेली मात्र त्याला सहसा दिसत नाही. जीडीबीत वजनाच्या घरावर ‘वॉच’ लावून ठेवला, तर ते घर बदलणारी ओळ थेट हातात येते. ४६,५००च्या कोड्याला माझे उत्तर तेच असेल : वजनाचे कोड वाचत बसण्याऐवजी त्या घरात कोण लिहिते ते पाहणे.

एक दोष शिल्लक राहतो, ज्यात उत्तर बरोबर येते पण वेळ जातो. तालुक्यातली गावे, शेतकरी अशी एक हजार नावे एका लांब स्ट्रिंगमध्ये जोडायची आहेत, प्रत्येक सरासरी २० बाइटचे. नक्कल एकूण २०,००० बाइटांची. पण प्रत्येक वेळी पहिला लूप पुन्हा सुरुवातीपासून शून्य शोधत निघतो. ते सगळे चालणे मोजले तर ९९,९०,००० बाइट होतात, म्हणजे जवळपास एक कोटी. नावे दहापट केली की चालणे शंभरपट. उपाय सोपा आहे : जोडणाऱ्या फंक्शनने काम झाल्यावर नव्या शून्याचा पत्ता परत द्यावा आणि पुढची जोडणी तिथूनच सुरू करावी. उरलेली जागाही त्याच पत्त्यावरून काढता येते, त्यामुळे हद्दीची तपासणीही सोपी होते. तपासताना चार प्रसंग घ्यावेत : रिकामी स्ट्रिंग, जागेत काटेकोर मावणारी, एका बाइटने जास्त असणारी, आणि स्ट्रिंग स्वतःलाच जोडणे. शेवटच्या प्रसंगात ‘तेल’च्या शून्यावर पहिलाच बाइट लिहिला जातो, शून्य नाहीसे होते आणि लूप ते शून्य शोधत न थांबता लिहीत सुटतो. म्हणून स्रोताची लांबी जोडणी सुरू होण्याआधीच मोजून घ्यावी.